डावी बाजू

तातूशनं आयुष्यभर अर्ध्याच गाड्या केल्या.

वॉरनच्या त्या लांबलचक खोलीत, जिथं खिडक्या
मुद्दाम उंचावर, कुणी डोकावू नये म्हणून,
लाकडी सांगाड्यावर तो ऊन तपकिरी माती थापायचा:
डावा दिवा, डावं दार, डाव्या चाकावरची कमान.
मग मधोमध आरसा उभा करायचे.
उरलेली गाडी आरशात.
साहेब यायचे, डोळे बारीक करून
दोन्ही मिळून एक बघायचे,
“आणखी दोन इंच” म्हणायचे, आणि जायचे.

त्या मातीला गंधकाचा वास.
कोटाला, केसांना, रविवारच्या पिएरोगींनासुद्धा.
आई म्हणायची,
हा माणूस रोज सकाळी नरकात जातो
आणि साडेपाचला जेवायला परत येतो.

एकट्यासाठीची गाडी, असं तेव्हा म्हणत.
बायकापोरं, पोती, शिडी, कुत्रं, यांतलं काही नको.
दोनच दारं. नाक एवढं लांब
की दिवे वळणापलीकडे पोचले तरी
माणूस अजून अलीकडेच.
मागं बसायला जागा होती म्हणा,
नको असलेल्या पाहुण्याला देतात तेवढी.

त्रेसष्टची पहिली रिव्हिएरा
कडक इस्त्रीच्या घडीसारखी.
ती त्याच्या हातची नव्हती.
तिच्याबद्दल तो असं बोलायचा
जसं दुसऱ्या गावच्या पैलवानाबद्दल बोलतात.

एकाहत्तरची मात्र त्याची.
मागची काच छपरावरून ओघळत खाली आलेली,
निमुळती होत, होत,
आणि शेवटी होडीसारखं टोक.
कागदावर ती लहान होती म्हणे.
मग वरून हुकूम आला, मोठ्या सांगाड्यावर चढवा,
आणि तिला वाढत्या अंगाचा सदरा घातला.
तीन दिवस तातूश जेवताना बोलला नाही.
चौथ्या दिवशी म्हणाला,
“टोक तरी ठेवलंय.”

बहात्तरचा ऑगस्ट. व्हॅन डाइक रस्त्यावरचा पेट्रोल पंप.
आमची शेव्ही सहा वर्षांची, एक आरसा सुतळीनं बांधलेला.
पलीकडच्या नळीला ती उभी, तांब्याच्या रंगाची,
झाकणावर जाळीच्या पट्ट्या,
म्हणजे पहिल्याच वर्षाची.
(पुढच्या वर्षी त्या काढून टाकल्या.)

तातूश उतरला. मला वाटलं डाव्या बाजूला जाईल.
तो टोकाला वळसा घालून
उजवीकडे गेला.

उजवं दार. उजवी कमान. उजवा दिवा.
बारा वर्षं जे फक्त काचेत होतं
त्याच्याभोवती तो सावकाश फिरला,
परक्या घरात फिरावं तसा, हात मागे बांधून.
मग राहवलं नाही.
अंगठ्याचं नख कमानीवर टेकवून
हलकेच दाबलं.
मातीवरच्या निळ्या फिल्मला असं दाबलं की खळगा पडायचा.

पत्रा जराही हलला नाही.

“आवडली वाटतं?” मालकानं विचारलं.
डेल्बर्ट स्ट्रँग, नाव खिशावर शिवलेलं,
दातांत काडी. “कुठं काम करतोस?”
“मातीत.”
स्ट्रँगनं त्याच्या नखांकडे पाहिलं.
“बटाटे?”
“कधीकधी,” तातूश म्हणाला,
आणि पेट्रोलचे पैसे मोजून दिले.

घरी येईपर्यंत एकच वाक्य:
“ती बाजू झिग्मुंतनं उतरवली होती. मापं घेऊन.
उगाच भांडलो त्याच्याशी.”

चौऱ्याहत्तरला ते टोक गेलं.
तोवर पंपावरच्या रांगा वळणापर्यंत पोचल्या होत्या,
आणि एकट्यासाठी एवढं नाक
कुणाला परवडेना.
त्याला दिवे दिले, नुसते दिवे,
चौकोनी, एकसारखे. त्यांना आरसा कशाला.

त्याचं पातं माझ्याकडे आहे,
मूठ झिजून त्याच्या पंजाच्या आकाराची झालेलं.
माझ्या हातात नीट बसत नाही.
जानेवारीत गाडीच्या काचेवरचा बर्फ त्यानंच खरवडते.
डावीकडून सुरुवात करते.